पांढरीची माती

जळकोट हे लातूर जिल्ह्यातले गाव बालाघाटाच्या डोंगराळ भागात, नांदेड जिल्ह्याच्या सीमेजवळ वसलेले आहे. त्याच्या दक्षिणेला उदगीरचा किल्ला आहे, तर उत्तरेला कंधारचा. या भागातल्या जुन्या गावांजवळ पुष्कळदा एखादे उंच टेकाड दिसते. तिथली माती राखेसारखी भुरकट आणि भुसभुशीत असते. लोक तिला पांढरी म्हणतात. शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी.

ही पांढरी कशी तयार झाली? माणसे शेकडो वर्षे एकाच जागी राहिली. त्यांनी मातीची घरे बांधली. ती पडली की त्याच जागी दुसरी बांधली. चुलीची राख, फुटकी मडकी, बांगड्यांचे तुकडे, जनावरांची हाडे हे सारे तिथेच साचत गेले. एका थरावर दुसरा थर चढला. सर्वांत जुना थर तळाशी आणि सर्वांत नवा वर, असा हा क्रम असतो. पुरातत्त्वज्ञ जमीन खणतो, तेव्हा तो हे थर एकेक करून उलगडतो. प्रत्येक वस्तू कोणत्या थरात, किती खोलीवर आणि कशाच्या शेजारी सापडली, हे तो लिहून ठेवतो.

पण पुरातत्त्वज्ञ येण्याच्या कितीतरी आधी गावकऱ्यांचे फावडे तिथे पोचलेले असते. माळवदाच्या घरावर टाकायला पांढरीची माती चांगली, शेताला खत म्हणूनही चांगली. म्हणून लोक ती गाड्या भरभरून नेत आले. यात त्यांचा वाईट हेतू नव्हता. त्या मातीत काय आहे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

लातूरच्या पश्चिमेला, धाराशिव जिल्ह्यात तेर नावाचे गाव आहे. संत गोरा कुंभारांचे गाव म्हणून ते सर्वांना ठाऊक आहे. दोन हजार वर्षांपूर्वी त्याचे नाव तगर होते. त्या काळच्या एका ग्रीक प्रवासग्रंथात लिहिले आहे, की पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे शहर आहे आणि तिथून गाड्यांतून कापड व मलमल भडोच बंदराला जाते. या तेरमध्ये रामलिंगप्पा लामतुरे नावाचे गृहस्थ राहत होते. ते पुरातत्त्वज्ञ नव्हते. पाऊस पडून गेला की पांढरीवर मणी, नाणी, मातीच्या मूर्ती, दिवे उघडे पडत. लामतुरे ते वेचत, लोकांकडून मिळवत आणि जपून ठेवत. असे करता करता हजारो वस्तूंचा संग्रह झाला. पुढे तो शासनाकडे आला आणि तेरलाच त्यांच्या नावाचे वस्तुसंग्रहालय उभे राहिले.

या संग्रहात हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती आहे. तिच्यासारखीच एक भारतीय मूर्ती 1938 मध्ये इटलीतल्या पाँपेई या शहरात सापडली होती. पाँपेई इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे तिथली मूर्ती त्याआधीचीच असली पाहिजे. मराठवाड्याचा माल किती दूर जात असावा, याचा अंदाज यावरून करता येतो. मात्र लामतुरे यांच्या बहुतेक वस्तू विसकटलेल्या मातीतून वर आलेल्या. त्या कोणत्या थरात होत्या, हे आज सांगता येत नाही. त्यांनी त्या जपल्या नसत्या तर त्याही हाती आल्या नसत्या, हेही तितकेच खरे.

थर हरवला की काय होते, याचे मोठे उदाहरण दायमाबादचे आहे. हे ठिकाण आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. 1974 मध्ये तिथे एक शेतकरी झाडाची मुळे खणून काढत होता. त्याच्या कुदळीला काशाच्या चार भरीव वस्तू लागल्या. एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा आणि दोन बैलांचा रथ. रथात माणूस उभा आहे आणि बैलांच्या मधल्या दांडीवर कुत्रा आहे! चारही मिळून वजन साठ किलोंच्या वर. नंतर तिथे रीतसर उत्खनन झाले. परंतु या चार वस्तू थरांची नोंद होण्याआधीच जमिनीबाहेर आल्या होत्या. त्यामुळे त्या किती जुन्या, यावर विद्वानांचे आजही एकमत नाही. यात त्या शेतकऱ्याचा काय दोष? तो तर आपले काम करत होता.

म्हणून पुरातत्त्वज्ञाला लोकांशी बोलावे लागते, आणि त्यांचे ऐकावेही लागते. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, झेड. डी. अन्सारी आणि म. के. ढवळीकर हे त्याचे प्रमुख होते. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे तिथे उजेडात आली. घरांत मातीचे गोल ओटे होते आणि जमिनीत खोल खड्डे होते. ते कशासाठी? याचे उत्तर पुस्तकात नव्हते, ते आजच्या खेड्यांत होते. आपल्याकडे धान्याच्या कणग्या अशाच ओट्यांवर ठेवतात आणि धान्य साठवायला पेव खणतात. जे शिकलेल्यांना ठाऊक नसते, ते एखाद्या आजीला ठाऊक असते.

ज्या गावात पुरातत्त्वज्ञ नुसते येतात, खणतात आणि वस्तू घेऊन जातात, तिथे संशय वाढतो. यांना सोने सापडले, असे लोक म्हणू लागतात. मग रात्री गुप्तधनासाठी खड्डे पडतात आणि सकाळी फुटकी खापरे विखुरलेली दिसतात. 1878 चा एक कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचे पुरलेले धन सापडले, तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. सरकारने ते ठेवून घेतले, तर त्यातल्या धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा मिळतो. एखाद्या मूर्तीचे खरे मोल पाहता ही रक्कम थोडीच आहे. लोक कळवायला कचरतात, याचे तेही एक कारण असावे.

तुमच्यासाठी एक गोष्ट विशेष आहे. उदगीर आणि कंधार या दोन्ही किल्ल्यांत फारसी लेख कोरलेले आहेत. उर्दूत आपण ज्याला कतबा म्हणतो, तेच हे. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. 1914 मध्ये संस्थानाचे पुरातत्त्व खाते सुरू झाले आणि गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले. त्यांनी असे लेख वाचून छापले. ते वाचले गेले, म्हणून कोणता दरवाजा कोणी बांधला यासारख्या गोष्टी कळतात. न वाचता येणारा लेख मात्र लोकांना गुप्तधनाचा नकाशा वाटतो आणि कोणीतरी त्यावर छिन्नी चालवतो.

तुम्ही उर्दू वाचता, म्हणजे त्या लेखांतली निम्मीअधिक अक्षरे तुमच्या ओळखीची आहेत. किल्ला पाहायला गेलात तर दरवाजावरच्या दगडाजवळ थोडे थांबा. एखादे नाव, एखादे साल लागते का पाहा. दगडाला खडू किंवा तेल लावू नका, कागदावर उतरवून घ्या. आणि शेतात कधी नाणे किंवा मूर्ती दिसली, तर आजूबाजूला खणू नका. शेत कोणते, खोली किती, सोबत काय होते, हे आधी वहीत लिहा आणि मग गुरुजींना सांगा.