डोळ्यांनी ऐकलेली गाणी

मुंबईहून कोलकात्याकडे जाणारा महामार्ग महाराष्ट्राचा निरोप घेण्याआधी ज्या गावांतून जातो, त्यांतलं एक आमचं देवरी. पूर्वी भंडारा जिल्ह्यात होतं, १ मे १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात आलं. भोवती धानाच्या बांध्या, त्यापलीकडे जंगल, जंगलात गोंडांची गावं आणि रस्त्यावर दिवसरात्र ट्रकांची धडधड. इथे नाटक म्हणजे झाडीपट्टीचं आणि गाणं म्हणजे दंडारीतलं, भजनातलं नाहीतर हिंदी सिनेमातलं. अशा गावात इंग्रजी रॉक संगीताचे वेडे राहतात, असं कुणी सांगितलं तर तुम्ही हसाल. खुशाल हसा. आमच्या घरची मंडळीही चाळीस वर्षं हसतच आली आहेत.

वेडे म्हणजे आम्ही चौघं. शाळेपासूनचे मित्र. त्यातल्या एकाचा थोरला भाऊ शिकायला नागपूरला होता. सुटीत येताना तो एसटीने साकोली-भंडाऱ्याच्या रस्त्याने धूळ खात यायचा आणि पिशवीत फराळाच्या रिकाम्या डब्याबरोबर दोन-तीन कॅसेटी असायच्या. त्या कॅसेटी म्हणजे नकलेची नक्कल. वेष्टन नाही, फोटो नाही. नुसत्या पट्टीवर बॉलपेनने लिहिलेलं नाव. डीप पर्पल, लेड झेपलिन, पिंक फ्लॉइड, जेथ्रो टल. इंग्रजी आमचं बेताचंच. शब्द कळायचे नाहीत, पण गिटार छातीत शिरायची.

अज्ञान तर इतकं, की पिंक फ्लॉइड हा कुणी गायक आहे, असं आम्ही कित्येक वर्षं समजत होतो. पुढे कळलं, की तो अख्खा वाद्यवृंद आहे आणि त्याचं नाव पिंक अँडरसन व फ्लॉइड कौन्सिल या दोन अमेरिकन ब्लूज गायकांच्या नावांवरून घेतलेलं आहे. जेथ्रो टलची गंमत याहून मोठी. हा मूळचा अठराव्या शतकातला इंग्रज शेतीतज्ज्ञ, ओळीत बी पेरणारं यंत्र करणारा. धानाच्या मुलखात बसून आम्ही एका पेरणीयंत्रवाल्याचं नाव रॉकच्या कॅसेटवर वाचत होतो आणि आम्हाला पत्ता नव्हता!

सांगायचा मुद्दा असा, की आमच्या पिढीने ही गाणी ऐकली, पण पाहिली नाहीत. कोण गातो, ड्रम कोण वाजवतो, त्याचे केस केवढे, काही माहीत नाही. अमेरिकेत १ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही सुरू झालं आणि गाणं ही दिवसभर पाहण्याची गोष्ट झाली. उपग्रहावरून ते आपल्याकडे यायला १९९१ उजाडलं. आमच्या घरांत केबल पोचलं तोवर आम्ही संसाराला लागलो होतो आणि टीव्ही मुलांच्या ताब्यात गेला होता. चौघांपैकी मुंबईला नोकरीला गेलेल्या एकानेच काय तो रॉक प्रत्यक्ष पाहिला. १९८६ साली सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव धोबीतलावच्या रंगभवनात भरायचा, तिथे. त्याची पत्रं आम्ही देवरीत मोठ्याने वाचत असू. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातले असे कार्यक्रम बंद पडले. ‘लोकांच्या कानांची सरकारला फार काळजी,’ असं तेव्हा आम्ही चिडून म्हणालो होतो. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

२०१६ नंतर मोबाईलवरचं इंटरनेट स्वस्त झालं आणि पन्नाशीच्या आसपास आमचं बालपण परत आलं. जी गाणी पाठ होती, ती आता दिसू लागली. चौघांनी ठरवलं, दर रविवारी रात्री प्रत्येकाने इतरांना एकच व्हिडिओ पाठवायचा. एकच, ढीग नाही. मिळालेला शेवटपर्यंत पाहायचा आणि त्यात दिसलेली एक गोष्ट सोमवारी कळवायची. ‘छान’, ‘मस्त’ किंवा नुसता अंगठा चालणार नाही.

या खेळाने आम्हाला पुष्कळ शिकवलं. क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी म्हणजे १९४६ साली झांझिबारमध्ये जन्मलेला फारोख बलसारा, पारशी आईबापांचा मुलगा, आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला आणि तिथेच ‘द हेक्टिक्स’ या मुलांच्या बँडमध्ये पियानो वाजवणारा, हे आम्हाला साठीकडे झुकताना कळलं. लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट १९७२ साली मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर ध्वनिमुद्रण करून गेले, हेही तसंच. ज्यांना आम्ही सातासमुद्रापलीकडचे समजत होतो, ते आमच्याच राज्यातून जाऊन आले होते.

चौघांतला एक मात्र पहिल्यापासून वेगळा. त्याचं नाव इथे देत नाही. गावात त्याला सगळे ‘भाऊ’ म्हणतात, आपणही तेच म्हणू. भाऊने जवळपास तीस वर्षं राईस मिलमध्ये यंत्रावर काढली. त्याची सोमवारची पत्रं मोठी मजेदार. ‘ड्रमवाल्याच्या डाव्या पायात चप्पल नव्हती.’ ‘बेसवाला पूर्ण गाणंभर एकदाही हसला नाही.’ पिंक फ्लॉइडने ऑक्टोबर १९७१ मध्ये इटलीतल्या पाँपेईच्या प्राचीन, रिकाम्या रंगमंडलात, समोर श्रोते नसताना वाजवलं, त्याचा चित्रपट आहे. त्यात एका गाण्यात ड्रमवादक निक मेसनच्या हातातली काठी निसटते आणि तो ठेका न मोडता दुसरी उचलतो. आम्ही तिघांनी तो तुकडा दहादा पाहिला असेल; काठी निसटलेली पहिल्यांदा भाऊला दिसली.

क्वीनच्या १९७५ मधल्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा व्हिडिओ जगभर नावाजलेला. अंधारातून चार चेहरे वर पाहत गातात. भाऊने कळवलं, ‘चेहरे काय पाहू बे? बोटं दाखव.’ त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. अशा बहुतेक व्हिडिओंत कलाकार आधी मुद्रित केलेल्या गाण्यावर नुसते ओठ आणि हात हलवतात. भाऊला ते लगेच खटकायचं. त्याला खरंखुरं वाजवलेलं, कार्यक्रमातलंच हवं असे. आम्हाला वाटे, स्वारी फार चोखंदळ झाली.

दरम्यान त्याच्याबद्दल आमची एक तक्रार वाढत होती. फोन उचलत नाही. उचलला तर ‘हो, हो’ म्हणतो आणि भलतंच उत्तर देतो. लग्नात भेटला तर कोपऱ्यात बसतो. मी तर एकदा वहिनींना बोलून गेलो, ‘भाऊला आता जुने मित्र नको झालेत.’ त्या काही बोलल्या नाहीत. चहा पुढे केला.

मग एका रविवारी तो माझ्याकडे आला. मी टीव्हीवर डीप पर्पलचा एक जुना कार्यक्रम लावला आणि आतून पाणी आणायला गेलो. परत आलो तर घरात शांतता. दुपारी नातवाने टीव्हीचा आवाज बंद केला होता, तो तसाच राहिला होता. पडद्यावर चौघं-पाचजण घामाघूम होऊन वाजवत होते आणि भाऊ मान डोलावत होता. बोटं मांडीवर बरोबर ठेका धरून होती. ऑर्गनवाल्याने हात उचलला, तिथे त्याने समेवर आल्यासारखी दाद दिली. मी दारातच उभा राहिलो. ते गाणं त्याच्या डोक्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत तयार होतं. पडदा त्याला फक्त, कुठवर आलो, एवढंच सांगत होता.

मी आवाज सुरू केला नाही. शेजारी जाऊन बसलो. थोड्या वेळाने त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं, की मला कळलं आहे. म्हणाला, ‘तीन वर्षं झाली. आवाज येते, पण बोलनं समजत नाही. तुमाले काय सांगू? गानं आयकनाऱ्यानं बहिरा झालो म्हनावं?’

मला स्वतःची लाज वाटली. ज्या माणसाने ड्रमवाल्याच्या अनवाणी पायापर्यंत नजर पोचवली, त्याची नजर इतकी धारदार का झाली, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही गोंदियाला जाऊन त्याचे कान तपासून घेतले. तज्ज्ञ बाईंनी आलेख काढून नीट समजावलं. आतल्या कानात शंखासारखा एक वळणदार भाग असतो आणि त्यात केसांसारखे बारीक तंतू असलेल्या पेशी असतात. आवाजाची कंपनं टिपून त्या मेंदूला कळवतात. सततच्या गोंगाटाने त्या मरतात आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. साधारण ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तास, ही जपून वागण्याची सीमा. त्यावर आवाज तीन डेसिबलने वाढला, की सुरक्षित वेळ निम्मी होते. आधी जातात ते वरचे, बारीक आवाज: पाखरं, झांजा आणि बोलण्यातले स, श, फ. म्हणून माणूस बोलतोय हे कळतं, पण काय बोलतोय ते कळत नाही. ‘हो, हो’ म्हणण्याचं कारण हे होतं.

परतताना गाडीत मी त्याला मोठ्याने सांगत होतो, की यात तू एकटा नाहीस. ज्यांची गाणी आपण ऐकली, तेही यातून सुटले नाहीत. ‘द हू’ या बँडचा १९७६ चा लंडनमधला कार्यक्रम १२६ डेसिबलच्या विक्रमाने गिनेस बुकात गेला होता. त्यांचा गिटारवादक पीट टाउनशेंड पुढे कानांच्या दुखण्याने हैराण झाला. एसी/डीसीचा गायक ब्रायन जॉन्सन याला २०१६ मध्ये डॉक्टरांनी दौरा थांबवायला लावला, नाहीतर पूर्ण बहिरेपण येईल म्हणून. २०२० मध्ये तो नव्या ध्वनिमुद्रणासह परत आला. एवढं ऐकून, म्हणजे माझे ओठ पाहून, भाऊ म्हणाला, ‘त्याइले त्याचे पैसे भेटले. मले मिलमध्ये काय भेटलं?’ यावर मजजवळ उत्तर नव्हतं. रंगभवन बंद पडलं तेव्हा आम्ही सरकारवर चिडलो होतो. पण आमच्याच मित्राच्या कानाशी रोज आठ-दहा तास जे चाललं होतं, त्याकडे आमचं कधी लक्षच गेलं नव्हतं.

श्रवणयंत्र आलं. त्याने बोलणं पुष्कळ कळू लागलं; वहिनींचा चेहरा उजळला. गाण्याचं मात्र जमेना. ही यंत्रं मुख्यतः बोलण्यासाठी जुळवलेली असतात. संगीतासाठी वेगळी जुळणी करून घ्यावी लागते. तीही करून घेतली, तरी भाऊच्या मते गिटार पत्र्यावर खडे टाकल्यासारखी वाजते. म्हणून रविवारी रात्री तो यंत्र काढून डबीत ठेवतो आणि मग व्हिडिओ पाहतो. आता आमचा नियम बदलला आहे: पाठवायचं ते असं, ज्यात हात दिसतात. खरं सांगतो, हा नियम पाळायला लागल्यापासून आम्हालाही ती गाणी जास्त ऐकू येतात.

भाऊने आणखी एक केलं. मिलमध्ये जाऊन तिथल्या पोरांना कानावर लावायची आवरणं नेऊन दिली. दोघं लावतात, बाकीचे हसतात. रात्री हीच पोरं कानात बोंडं घालून पूर्ण आवाजात गाणी ऐकतात. असुरक्षित ऐकण्यामुळे जगातल्या एक अब्जाहून अधिक तरुणांच्या कानांना धोका आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वरातीतल्या डीजेपुढे नाचणारी आपली मुलं त्यांतच आली. भाऊ त्यांना उपदेश करत नाही. एवढंच म्हणतो, ‘गानं आवडते ना? मंग कान सांभाळ बे पोट्ट्या.’

गेल्या रविवारी त्याने पाठवला तो १३ जुलै १९८५ चा, लंडनच्या वेम्ब्ली मैदानावरचा ‘लाइव्ह एड’मधला क्वीनचा कार्यक्रम. पाचगणीच्या शाळेतला तो मुलगा पांढऱ्या बनियनमध्ये उभा आहे आणि त्याच्यासमोर सत्तर हजारांवर माणसं एकाच वेळी हात डोक्यावर नेऊन टाळी देत आहेत. मी तो आमच्या घरी त्याच्या शेजारी बसून पाहिला. त्याने यंत्र डबीत ठेवलं होतं. दोन्ही हात वर नेऊन त्याने टाळी दिली, मीही दिली. नातू दारातून पाहत होता. त्याने विचारलं, ‘आजोबा, आवाज वाढवू?’

मी म्हटलं, राहू दे. तू ये, इथं बस. हात बघ.