एगमन खरा की रोबॉटनिक?



गेल्या महिन्यात आपल्या वर्गात एक छोटेसे भांडण झाले. ताईंनी 'माझा आवडता नायक' या विषयावर चित्र काढून खाली पाच वाक्ये लिहायला सांगितली होती. दोघांनी नेमका एकच नायक काढला : निळा, काटेरी केसांचा, लाल बुटांचा सॉनिक. एकाने खाली लिहिले, "त्याचा शत्रू डॉक्टर एगमन आहे." दुसऱ्याने लिहिले, "त्याचा शत्रू डॉक्टर रोबॉटनिक आहे." पहिला इथेच तोक्योत जन्मलेला. दुसरा एप्रिलमध्ये अमेरिकेहून आलेला. त्याच्या वडिलांचे लहानपणही तिकडेच गेले, आणि त्यांच्या जुन्या खेळाची इंग्रजी पुस्तिका त्याला तोंडपाठ आहे. वर्गात बाकीचे सगळे पहिल्याच्या बाजूचे. हसाहशी झाली आणि दुसऱ्याने आपला कागद फाडून टाकला. नव्या देशात आल्यावर भाषा चुकते, रांग चुकते, बूट कुठे काढायचे तेही चुकते. निदान सॉनिक तरी आपल्याला येतो असे त्या बिचाऱ्याला वाटत होते.

संध्याकाळी ताईंचा फोन आला. "तुम्ही कॉम्प्युटरवाले, तुम्हीच निकाल द्या." तेव्हा हा लेख म्हणजे निकालपत्र समजा. निकाल शेवटी आहे, पण मधले वाचल्याशिवाय तो पटणार नाही.

आधी प्राण्याविषयी. वर्गात कोणीतरी सॉनिकला साळिंदर म्हटले. तो साळिंदर नाही. साळिंदर मोठे, लांब काट्यांचे. हेजहॉग तळहातावर मावेल एवढा, आणि घाबरला की अंगाचा चेंडू करतो. जपानीत त्याला 'हारिनेझुमी' म्हणतात, म्हणजे सुईउंदीर. मला हे नाव फार आवडते. मराठीतही आपण खुशाल सुईउंदीर म्हणावे. सेगा कंपनीला १९९०च्या सुमारास मारिओच्या तोडीचा एक नायक हवा होता. आधी एका सशाचा विचार झाला, जो कानांनी वस्तू उचलून फेकणार होता. पण उचलायला थांबले की वेग जातो. चेंडू होऊन धावता धावताच शत्रूला धडकणारा प्राणी सोयीचा ठरला. चित्र नाओतो ओशिमा यांचे, प्रोग्राम युजी नाका यांचा, खेळाच्या वाटांची आखणी हिरोकाझू यासुहारा यांची. नायकासाठी काढलेल्या चित्रांत एक मिशीवाला गोल माणूसही होता. तो नायक झाला नाही, पण वाया गेला नाही. तोच पुढे खलनायक झाला.

पहिला खेळ १९९१ साली आला, अमेरिकेत जूनमध्ये आणि जपानमध्ये जुलैमध्ये. (पालकांसाठी : त्याच वर्षी 'सकाळ'मध्ये चिंटू सुरू झाला. चिंटूही अजून मोठा झालेला नाही.) त्या संपूर्ण खेळाचा आकार होता ५१२ किलोबाइट. आज तुमच्या आईच्या फोनवरचा एक फोटो त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. एवढ्याशा जागेत चित्रे, संगीत, उड्या, पाणी, सगळे कोंबायचे. मग गोष्ट सांगायला जागा कुठली? ती छापली कागदावर, खेळाच्या डब्यातल्या पुस्तिकेत. आणि भांडणाचे मूळ इथेच आहे, कारण पुस्तिका दोन होत्या.

जपानी पुस्तिकेत खलनायक होता डॉक्टर एगमन. त्याचा आकारच अंड्यासारखा, तेव्हा नाव सरळ. अमेरिकेतल्या मंडळींनी त्याच माणसाला नाव दिले डॉक्टर आयव्हो रोबॉटनिक, आणि त्याच्यासाठी एक भूतकाळही रचला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तो आधी किंटोबोर नावाचा भला शास्त्रज्ञ होता, एका अपघातात बिघडला आणि रोबॉटनिक झाला. (किंटोबोर हे नाव इंग्रजी अक्षरांत उलटीकडून वाचून बघा.) सॉनिकच्या ग्रहाला त्यांनी मोबियस म्हटले. जपानी गोष्टीत यातले काहीच नव्हते. १९९२ साली दुसऱ्या खेळात दोन शेपट्यांचा कोल्हा आला, तेव्हा त्याच्याही नावावरून दोन मते झाली. जपानमध्ये माइल्स, अमेरिकेत टेल्स. शेवटी तडजोड झाली : नाव माइल्स प्रॉवर, टोपणनाव टेल्स. नाव-आडनाव जोडून भराभर म्हटले तर 'ताशी मैल'साठीचा इंग्रजी शब्द ऐकू येतो.

आता माझी साक्ष. मी हा खेळ पहिल्यांदा पाहिला तो पुण्याला आतेभावाकडे, आणि तिथे पुस्तिकाच नव्हती. कोणीतरी कोणाकडून आणलेला यंत्राचा संच, त्यासोबत एक उघडे कार्ट्रिज. त्यामुळे आमची गोष्ट तिसरीच होती. आतेभावाने ठामपणे सांगितले की हा निळू आहे आणि तो टकलूकाका आहे, आणि टकलूकाकाने गावातले सगळे ससे-पक्षी पळवले आहेत. मला ते पूर्ण पटले. गंमत म्हणजे तो जवळजवळ बरोबर होता. सॉनिक एखाद्या यंत्रकिड्यावर धडकला की यंत्र फुटते आणि आतून एक ससा किंवा पाखरू टुणकन बाहेर पडून पळून जाते. एकही शब्द न वाचता कोणत्याही मुलाला कळते की हे प्राणी कोंडलेले होते आणि आपण त्यांना सोडवतो आहोत. पुस्तिका दोन असोत नाहीतर एकही नसो, ही गोष्ट सगळीकडे सारखीच होती.

माझ्या मते या मालिकेतली सर्वांत छान सांगितलेली गोष्ट १९९४ची. त्या वर्षी दोन खेळ आले, 'सॉनिक ३' आणि 'सॉनिक अँड नकल्स'. दुसऱ्या कार्ट्रिजच्या डोक्यावर खाच होती, तिच्यात पहिले कार्ट्रिज खोचले की दोन्ही मिळून एकच लांबलचक खेळ व्हायचा. सुरुवातीलाच लाल नकल्स जमिनीतून वर येऊन सॉनिकला ठोसा मारतो, त्याची रत्ने पळवतो आणि खुदकन हसतो. वाटते, हा दुष्ट. खूप पुढे गेल्यावर कळते की तो बेटाचा रखवालदार आहे आणि एगमनने त्याला खोटेनाटे सांगून फसवले आहे. एगमन महारत्न उचलून नेतो तेव्हा नकल्सचा चेहरा बघण्यासारखा असतो. मग दमलेला, विजेचा धक्का बसलेला नकल्स सॉनिकला वाट उघडून देतो. संवाद शून्य. नाटकवाल्यांनीही बघावे असे काम आहे.

तिकडे अमेरिकेत मात्र गोष्ट वेगळ्याच रुळावरून धावत होती. १९९३ साली तिथे टीव्हीवर सॉनिकच्या दोन वेगवेगळ्या कार्टून मालिका सुरू झाल्या, एक हसवणारी आणि एक गंभीर. आर्ची कंपनीची चित्रकथा १९९३ ते २०१७ चालली. राजकन्या सॅली, बंडखोरांची टोळी, राजघराणी, वंशावळी, असा पसारा तीत वाढला. यातले बरेचसे जपानमधल्या मुलांना ठाऊकही नव्हते. एकाच नायकाच्या दोन गोष्टी दोन देशांत एकमेकींना न भेटता मोठ्या होत होत्या.

त्या भेटल्या १९९८च्या डिसेंबरात. 'सॉनिक ॲडव्हेंचर' आला तो तबकडीवर, जागा पहिल्या खेळाच्या सुमारे दोन हजार पट. पात्रे बोलू लागली. एकाच घटनेची गोष्ट सहा जणांच्या नजरेतून सांगितली होती. त्यातला सहावा गॅमा नावाचा रोबो, एगमननेच बनवलेला. हळूहळू त्याला उमगते की आपण चुकीच्या बाजूला आहोत, आणि तो आपल्या भावंड-रोबोंना एकेक करून मोडत जातो, आतल्या प्राण्यांना सोडवण्यासाठी. शेवटी तो स्वतःही मोडतो आणि त्याच्या आतून एक छोटे पाखरू बाहेर येते. १९९१ मध्ये आम्ही हसत हसत फोडलेली ती यंत्रे! सात वर्षांनी त्यांच्यातल्या एकाला मन दिले, आणि टकलूकाकाच्या गोष्टीवर वाढलेला मी, कॉलेजात जायच्या वयाचा घोडा, डोळे पुसत होतो.

याच खेळाच्या इंग्रजी आवृत्तीत खलनायक स्वतःला रोबॉटनिक म्हणवतो आणि सॉनिक त्याला चिडवून एगमन म्हणतो. मग २००१ मध्ये 'सॉनिक ॲडव्हेंचर २' आला. काळा शॅडो, अंतराळातली वसाहत, मारिया नावाची मुलगी आणि पन्नास वर्षांपूर्वीचे एक दुःख. त्यात एगमनचे आजोबा येतात आणि त्यांचे नाव आहे प्रोफेसर जेराल्ड रोबॉटनिक. जपानी आवृत्तीतसुद्धा! अमेरिकेने दिलेले नाव जपानने आडनाव म्हणून घरात घेतले.

त्याच वर्षी सेगाने स्वतःची यंत्रे बनवणे थांबवले, आणि डिसेंबरात सॉनिक चक्क निन्टेन्डोच्या यंत्रावर धावू लागला. काल-परवापर्यंतचा शत्रू शेजारी झाला. तोक्यो ऑलिंपिकच्या खेळात (२०१९) तर मारिओ आणि सॉनिक दोघे मिळून १९६४च्या तोक्योत अडकतात, जुन्या ठोकळेबाज रूपात. आपल्या शेजारच्या आरिआकेत जिम्नॅस्टिक्सचे सामने होणार होते, म्हणून माझ्या मुलीने तो खेळ हट्टाने घ्यायला लावला.

सगळे काही नीट झाले असे नाही. २००६चा खेळ घाईत बाहेर आला आणि फसला. त्याच्या शेवटी एक ज्योत फुंकून विझवतात आणि घडलेले सगळे घडलेच नव्हते असे होते. आम्ही इंजिनिअर मंडळीही फसल्यावर जुनी प्रत परत आणून ठेवतो, पण गोष्टीत असे केलेले पाहून राग आला. २०१०नंतर काही वर्षे गोष्टी हलक्याफुलक्या विनोदावर होत्या, त्यांच्यावर मी वेळ घालवत नाही. २०२२च्या 'सॉनिक फ्रंटियर्स'चा लेखक मात्र पाहा : इयन फ्लिन, जो अमेरिकेत आर्चीची चित्रकथा वर्षानुवर्षे लिहीत होता. ज्या रुळांना जपानने कधी पाहिले नव्हते, तिथला चालक आता मुख्य गाडीवर आला. आणि डिसेंबर २०२४च्या तिसऱ्या सिनेमात शॅडो कोंडलेला असतो तो तोक्योच्या उपसागरात. युरिकामोमेच्या खिडकीतून दिसते तेच पाणी.

तर निकाल. रोबॉटनिक हे आडनाव, एगमन हे टोपणनाव. शाळेच्या हजेरीत एक आणि घरात हाक मारायला दुसरे, हे आपल्यापैकी कोणाला नवे आहे? गणपतीचा दात परशुरामाने तोडला, की त्याने तो चंद्राला फेकून मारला, की महाभारत लिहायला मोडला, हे तुमच्या आज्यांना विचारा. प्रत्येकीचे उत्तर ठाम असेल.

फाटलेला कागद ताईंनी चिकटपट्टीने जोडून ठेवला आहे आणि दोन्ही चित्रे आता फळ्यावर शेजारी शेजारी आहेत. एक विनंती : कोणाकडे १९९१ची जपानी पुस्तिका असेल तर पुढच्या शनिवारी आणावी. इंग्रजी पुस्तिका आपल्या नव्या मित्राचे बाबा आणणार आहेत. काना मी वाचीन. कांजीसाठी मात्र तिसरी-चौथीतल्या मुलांनी माझ्या शेजारी बसावे लागेल.