शंभर वॉट हवेत कशाला?

आमच्या पुण्यातल्या जॅमरूममध्ये नुकताच ईव्हीएचचा ‘५१५० थ्री’ आला. गिटारचा शंभर वॉटचा ट्यूब अँप. गिटारवादक एडी व्हॅन हेलनने पीव्ही कंपनीबरोबर पहिला ५१५० काढला १९९२मध्ये. पीव्हीची साथ सोडल्यावर स्वतःच्या ईव्हीएच या नावाखाली त्याने हा ‘थ्री’ काढला. आम्हा मेटल वाजवणाऱ्यांना ५१५० या आकड्याचं प्रेम आहेच.

सुरू करण्याआधी स्पीकरची वायर जोडली, अँपचे आणि स्पीकरचे ओहम जुळवले. ट्यूब अँप स्पीकरशिवाय चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

हा अँप हाय-गेन आहे. हाय-गेन म्हणजे मोठा आवाज, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. गिटारच्या पिकअपमधून येणारा सिग्नल अगदी क्षीण असतो. प्रीअँपमधल्या ट्यूब तो टप्प्याटप्प्याने वाढवतात. मर्यादा ओलांडली की लहरींचे माथे कापले जातात आणि डिस्टॉर्शन तयार होतं. हे हळू आवाजातही होतं. वॉटचा हिशेब वेगळा, तो मागच्या चार ६एल६ पॉवर ट्यूबचा. शिवाय दहा वॉटचे शंभर केले तरी कानाला आवाज साधारण दुप्पटच वाटतो.

मग शंभर वॉट कशाला? खर्जासाठी. खालच्या सुरांना सगळ्यात जास्त ताकद लागते. छोटा अँप ड्रमच्या बरोबरीने चढवला की रिफ पसरतो, गढूळ होतो. इथे सहावी तार डीपर्यंत उतरवली, तळहात ब्रिजजवळ टेकवून वाजवली आणि एकेक ठोका सुटा, टणक ऐकू आला. पायाखालची फरशी थरथरत होती, तरी दोन ठोक्यांमधली शांतता शाबूत होती. मी थक्क झालो.

अँपच्या लाल चॅनेलवर गेनचं बटण घड्याळातल्या बाराच्या जागी ठेवलं तेव्हा सोलोतले सूर लांबत गेले, पण कॉर्डमधले स्वर एकमेकांत मिसळले. दहाच्या जागी आणल्यावर ते मोकळे झाले. रिदमसाठी मला निळा चॅनेलच आवडला. त्यात गेन कमी आणि बोटांचा जोर जास्त कळतो. एवढ्या गेनला हिस्स असा आवाज येणारच, तो दाबायला नॉइज गेट लागतो.

घरी वाजवणाऱ्याने हा घेऊ नये. पाच-दहा वॉट पुरतात. ड्रमर असलेल्या बँडने मात्र जरूर घ्यावा, आणि त्याच दिवशी सगळ्यांसाठी इअरप्लगही घ्यावेत. गेलेले कान परत येत नाहीत.