रस्त्यावरील खुणांचें व्याकरण

मोटार हांकण्याचा शिकाऊ परवाना मिळण्यापूर्वीं उमेदवाराला एक छोटीशी परीक्षा द्यावी लागते, हें आपणांस ठाऊक आहेच. वाहतुकीच्या खुणा, रस्त्याचे नियम, अपघातप्रसंगीं चालकाचें कर्तव्य अशा विषयांवर कांहीं प्रश्न विचारतात आणि शेंकडा ६० उत्तरें बरोबर आलीं म्हणजे उमेदवार उत्तीर्ण होतो. महाराष्ट्रांत २०२१ सालापासून ही परीक्षा घरीं बसूनहि देतां येते. सोय उत्तम खरी. पण तिच्याबरोबर एक मोहहि घरांत शिरला आहे. चिरंजीव यंत्रापुढें बसलेले आणि मागें उभे राहून वडील बंधु हळूच उत्तर सुचवीत आहेत, असा देखावा सुशिक्षित घरांतून मुळींच दिसत नाहीं, असें कोण म्हणेल? परवाना मिळतो, खुणा मात्र वडील बंधूंच्याच डोक्यांत राहतात, आणि उद्यां रस्त्यावर ते कांहीं मागें उभे नसतात.

ज्यांना प्रामाणिकपणें अभ्यास करावयाचा आहे, त्यांचीहि एक अडचण असते. पुस्तकांतील पानेंच्या पानें भरलेलीं चित्रें पाहून ते गांगरतात आणि पाढ्यांप्रमाणें तीं घोकूं लागतात. घोकलेलें चित्र परीक्षेंत ओळखूं येतें. परंतु ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार एका सेकंदांत सोळा-सतरा मीटर पुढें सरकते. तेवढ्या अवकाशांत स्मरणाच्या ढिगांतून नेमकें चित्र उपसून काढणें कठीण. सुदैवानें तशी गरजहि नाहीं. या खुणांना व्याकरण आहे आणि तें थोडक्यांत समजण्यासारखें आहे.

नभोवाणीवरून चित्र दाखवितां येत नाहीं. तेव्हां श्रोत्यांनीं हातीं कागद-पेन्सिल घ्यावी. एक वर्तुळ काढा, एक त्रिकोण काढा, एक चौकोन काढा. वर्तुळ हुकूम करतें, त्रिकोण सावध करतो, चौकोन माहिती देतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत खुणांचे हेच तीन वर्ग केलेले आहेत. वर्तुळाचा हुकूम मोडणें हा गुन्हा. त्रिकोणाचें न ऐकल्यास शिक्षा पुढचें वळणच देतें. चौकोनाकडे दुर्लक्ष झालें तर बहुधा पेट्रोलचा पंप चुकतो, एवढेंच.

आतां वर्तुळांत पुन्हां दोन जाती. कड तांबडी असली तर “करूं नका”. सबंध वर्तुळ निळें असलें तर “केलेंच पाहिजे”. भोंग्याचें चित्र घ्या. तांबड्या कडेच्या वर्तुळांत भोंगा आणि त्यावर तिरपी रेघ, ही खूण रुग्णालयापाशीं भेटते. तेथें भोंगा वाजवावयाचा नाहीं. तोच भोंगा निळ्या वर्तुळांत दिसला, तर तो वाजविलाच पाहिजे. घाटांतील आंधळ्या वळणावर पलीकडून येणाराला आपली चाहूल लागावी म्हणून ही आज्ञा. चित्र एक, हुकूम अगदीं उलट. ज्यानें “भोंगा म्हणजे भोंगा बंद” असें पाठ केलें आहे, तो मोठ्या सभ्यपणें मुकाट्यानें त्या वळणावर जाईल. आंकड्यांचेंहि तसेंच. तांबड्या कडेंतील ५० म्हणजे याहून अधिक वेग नको. निळ्यांतील ५० म्हणजे याहून कमी नको. डावीकडे वळणारा बाण त्रिकोणांत असला तर रस्ता वळतो आहे, निळ्या वर्तुळांत असला तर तुम्हींच वळलें पाहिजे, आणि तांबड्या कडेंत रेघ मारलेला असला तर वळतां कामा नये. आधीं आकार, मग रंग, आणि सर्वांत शेवटीं चित्र, असा हा वाचनाचा क्रम आहे.

हा क्रम कांहीं एका दिवसांत ठरला नाहीं. १९०९ सालीं पॅरिस येथें निरनिराळ्या देशांचे प्रतिनिधि जमले, तेव्हां त्यांनीं अवघ्या चार खुणा मान्य केल्या: खांचखळगा, वळण, चौरस्ता आणि रेल्वेचें फाटक. अक्षरांऐवजीं चित्रें घेतलीं, कारण परक्या देशांतील चालकाला तेथील भाषा वाचतां येईलच असें नाहीं. आकारांची वांटणी पुढें १९३१ च्या जिनीव्हा येथील करारानें आणि नंतर १९६८ च्या व्हिएन्ना येथील करारानें पक्की झाली. अष्टकोनी “थांबा” मात्र अमेरिकेची देणगी. तेथील अभियंत्यांनीं १९२३ च्या सुमारास, जितका धोका अधिक तितक्या पाटीला बाजू अधिक, असा हिशेब बसविला. गंमत अशी कीं, ती पाटी १९५४ पर्यंत तेथें पिवळी होती. टिकाऊ तांबडा रंगच मिळत नव्हता. आपल्याकडेहि “थांबा” ही एकच खूण अष्टकोनी आणि “रस्ता द्या” हा एकच त्रिकोण उलटा. पाटी चिखलानें माखली किंवा पाठीमागून दिसली, तरी या दोन ओळखूं याव्या, हा त्यांतील हेतु.

चित्रें मात्र कधीं कधीं काळाच्या मागें राहतात. पहारेकरी नसलेल्या रेल्वे फाटकाच्या खुणेंत अद्याप धुराचें इंजिन आहे. पहारा असलेल्या फाटकाच्या खुणेंत नुसतें कुंपण. हीं दोन चित्रें परीक्षेंत हटकून चुकतात. ब्रॉडगेज लोहमार्गावरील पहारेकरी नसलेलीं फाटकें २०१९ च्या जानेवारीअखेर बंद झालीं, म्हणून हा प्रश्न निरर्थक झाला असें कोणी म्हणेल. पण कायदा अजून सांगतो कीं, अशा ठिकाणीं गाडी थांबवून बरोबरच्या माणसानें, तो नसल्यास चालकानें स्वतः उतरून, दोन्ही बाजूंस गाडी येत नाहीं हें पाहावें. अरुंद रुळांच्या एखाद्या मार्गावर ही शिकवण उपयोगी पडेल.

अभ्यासाची रीत सोपी आहे. पहिल्या दिवशीं प्रत्येक चित्राच्या मध्यभागीं एक नाणें ठेवावें आणि मुलाला एवढेंच विचारावें: हुकूम, सावधगिरी कीं माहिती? दुसऱ्या दिवशीं रंग विचारून मग नाणें उचलावें. तिसऱ्या दिवशीं पुस्तक मिटून त्याला मोटारींत चालकाशेजारीं बसवावें आणि पाटी मागें पडण्यापूर्वीं तिचा अर्थ मोठ्यानें सांगावयास लावावा. बोरघाटांतून जावयाचें असल्यास फारच चांगलें. तेथें त्रिकोणांना तोटा नाहीं. मागें बसलेल्या आजीबाईंनाहि या खेळांत घ्यावें. बहुधा त्याच अगोदर सांगतात.