जर्मनच्या भगोन्यातली खिचडी

पूर्णा जंक्शनवर पाठीवर पिशवी अडकवून मनमाडच्या गाडीत बसा. मनमाडच्या अलीकडे अनकाई-टंकाईची किल्लेजोडी रुळांजवळच उभी दिसेल. मुक्काम पायथ्याला. रात्री नुसत्या पाण्यातल्या नूडल्स नकोत, मुगाची खिचडी हवी. मग पिशवीत भांडं कोणतं टाकाल?

आधी घरातली फळी बघा. तिथं आजीचं जर्मनचं भगोनं असेल. हो, ॲल्युमिनियमला आपल्याकडे जर्मनच म्हणतात! ते एका हातात घ्या, दुसऱ्या हातात त्याच मापाचं, तेवढ्याच जाडीचं स्टीलचं. जर्मनचं वजन जेमतेम तिसरा हिस्सा भरतं. स्टीलमधल्या लोखंडाचा अणू ॲल्युमिनियमच्या अणूच्या दुपटीहून जड, शिवाय लोखंडात अणूंची दाटीही जास्त.

खरी कमाल मात्र विस्तवावर दिसते. खिचडी करपते कुठं? जाळ लागतो तेवढ्याच जागी. स्टीलमध्ये उष्णता तिथंच अडून बसते. मधे काळं, कडेला कच्चं. ॲल्युमिनियमचा प्रत्येक अणू मात्र तीन-तीन इलेक्ट्रॉन मोकळे सोडतो. बुडाला जाळ लागला की ते उष्णता घेऊन काठापर्यंत धावतात, स्टेनलेस स्टीलपेक्षा जवळपास १५ पट जोमानं! महागड्या टायटॅनियमचं भांडं त्याहून पातळ नि हलकं मिळतं, पण उष्णता पसरवायला दहापटीनं मागं. चहापुरतं ठीक. खिचडीला मी भगोनंच घेईन.

आणि या धातूचा एके काळचा रुबाब! १८८४ साली अमेरिकेत वॉशिंग्टनच्या स्मारकावर त्याचं टोक बसवलं, तेव्हा तो चांदीच्या तोडीचा महाग होता. दोनच वर्षांत, १८८६ मध्ये, अमेरिकेतला हॉल आणि फ्रान्समधला एरू या दोन तरुणांनी एकमेकांना न कळता विजेनं तो वेगळा काढायची रीत शोधली. तेव्हा कुठं तो गरिबाच्या चुलीपर्यंत आला.

आता भगोन्याला कान नाहीत ते बघा. म्हणूनच एकात एक तीन भगोनी बसतात. उचलायला पकड, झाकायला जेवायचीच ताटली. फक्त चिंचेची आमटी त्यात रात्रभर ठेवू नका. हवा लागताच या धातूवर डोळ्यांना न दिसणारा साईसारखा थर चढतो, राखेनं घासला तरी लगेच पुन्हा येतो. आंबटापुढं मात्र तो विरघळतो.

तीन दगड मांडा. बुडाला बाहेरून ओल्या मातीचा हात फिरवा, मगच भगोनं चढवा. जेवणं झाली की पाण्याचा हबका मारून बोटानं ती काजळलेली माती निपटा. आत जर्मन पांढरंशुभ्र!