ओहोटीच्या वाळूतील त्रस जीव

कयाधू आणि पैनगंगेच्या परिसरात वाढलेल्या मुलांना वाळू परिचयाची असते. समुद्र मात्र सुट्टीतच भेटतो. हिंगोली, वसमत, कळमनुरीहून कोकणात किंवा मुंबईस गेलेली कुटुंबे परतताना बहुधा मूठभर शंख-शिंपले सोबत आणतात. ते उचलण्यापूर्वी पायाखालची पुळण क्षणभर न्याहाळावी.

ओहोटी लागली की ओलसर वाळूवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी उमटते. तिच्या मध्यभागी एक बारीक बीळ असते. ही नक्षी जेमतेम एक सेंटिमीटर रुंदीच्या ‘सँड बबलर’ खेकड्याची. वाळूच्या कणांना चिकटलेला सूक्ष्म सेंद्रिय अंश तो तोंडाने वेगळा करतो आणि उरलेल्या वाळूची गोळी बाजूस ठेवतो. पावलांची चाहूल लागताच तो बिळात शिरतो. भरती येते, नक्षी पुसली जाते आणि पुढील ओहोटीस त्याचा उद्योग पुन्हा आरंभतो.

कधी मडक्याच्या फुटक्या काठासारखे वाळूचे कडे दिसते. मुले ते सहज पायाने उडवतात. वस्तुतः ती ‘मून स्नेल’ या सागरी गोगलगायीची अंडी असतात. वाळू व चिकट स्राव यांच्या थरात ती सुरक्षित राहतात.

सर्वांत मोठी फसगत शंखाबाबत होते. मूळ प्राणी मेल्यावर रिकाम्या झालेल्या शंखात ‘हर्मिट क्रॅब’ हा खेकडा राहतो. त्याच्या शरीराचा मागील भाग मऊ असतो. शंख हेच त्याचे कवच. शरीर वाढले की त्याला मोठा शंख शोधावा लागतो. म्हणून निर्जीव वाटणारा शंख वसलेला असू शकतो आणि खरोखर रिकामा शंखही कोणाचे तरी उद्याचे घर असतो. काही सागरी शंखांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षणही आहे.

मुंबईत ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम २०१७ पासून ओहोटीच्या वेळी नागरिकांना किनाऱ्यावर नेऊन हे जीवन दाखवीत आहे. गिरगाव आणि जुहूसारख्या गजबजलेल्या चौपाट्यांवरही सजीवांची विविधता आढळते.

शंख-शिंपल्यांतील जीवांची गणना आपल्या परंपरेने द्वींद्रिय त्रस जीवांत केली आहे. चार हात पुढची भूमी पाहून चालण्याची ईर्यासमिती साधूंसाठी सांगितली असली, तरी पुळणीवर ती श्रावकांनाही उपयोगी पडते. जाण्यापूर्वी ओहोटीची वेळ विचारून घ्यावी. बिळे उकरू नयेत. दगड उलटलाच, तर अलगद पूर्ववत ठेवावा. वाहन वाळूवर उतरवू नये. मुलांच्या हाती पिशवीऐवजी वही द्यावी आणि जे दिसले त्याचे चित्र काढण्यास सांगावे. शंख तेथेच राहू द्यावा.