घाट चढल्यावरची ठिणगी

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची एखादी जुनी फियाट मुंबईहून बोरघाट चढून मुळशी तालुक्यातील नेऱ्यास येते, तेव्हा ती समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवर पोहोचलेली असते आणि हवेचा दाब सहा-सात टक्क्यांनी उणावलेला असतो. विरळ हवेमुळे सिलिंडरातील मिश्रणाचे ज्वलन मंदावते. म्हणून दट्ट्या वरच्या टोकास पोहोचण्यापूर्वी पडणारी ठिणगी एखाद-दुसरा अंश आणखी आधी पाडणे इष्ट ठरते. त्यासाठी व्हॅक्यूमची नळी असल्यास ती काढून तिचे तोंड बंद करावे, डिस्ट्रिब्यूटरचा बोल्ट किंचित सैल करावा, आणि मंद गतीने चालणाऱ्या इंजिनाच्या पुलीवरील खुणेवर टायमिंग लाइटचा प्रकाश पाडीत डिस्ट्रिब्यूटर रोटरच्या उलट दिशेस हलक्या हाताने फिरवावा. विरळ हवेत मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाणही वाढते, सबब कार्बोरेटरचीही तजवीज करावी. मात्र पुन्हा मुंबईस उतरणाऱ्याने टायमिंग पूर्वपदावर आणलेच पाहिजे. अन्यथा दाट हवेत, भार पडताच, इंजिन ठोके देऊ लागते आणि त्या हयगयीची वसुली अखेर दट्ट्यांकडून होते.